गिग चालू असताना दुसरा हार्पवाला न बोलावता स्टेजवर आला, अशा वेळी काय करावं?

वाळूजचा_हार्पवाला (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. इथं गिटारवाले आणि तबलेवाले जास्त, हार्पवाले म्हणजे माउथऑर्गनवाले मोजकेच. तरी विचारतोय, कारण पाच दिवस झाले, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी वाळूजला कारखान्यात कामाला आहे. पाच वर्षांपासून ब्लूज हार्मोनिका वाजवतो. शिकवणारं कुणी भेटलं नाही. फर्स्ट शिफ्ट सुटली की इथल्याच सातारा गावातल्या खंडोबाच्या मंदिरामागं गाडी लावायची आणि अंधार पडेपर्यंत एकच बेंड, म्हणजे श्वासानं सूर खाली वाकवणं, घोटत बसायचं. तीन नंबरच्या होलातून कोमल गंधार नीट निघायला मला वर्ष लागलं. त्यामुळे स्टेजवरची माझी ती तीन फूट जागा मला फुकट मिळालेली नाही.

सिडकोत कॅनॉटजवळच्या एका कॅफेत दर शुक्रवारी आमचा चौघांचा ग्रुप वाजवतो. एक गिटार, एक कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका), एक गाणारी आणि मी. मागच्या शुक्रवारी कार्यक्रमाचं दुसरं गाणं चालू होतं, ई मध्ये, म्हणजे पांढरी तीन. पट्टीप्रमाणं हार्प बदलावी लागते, ई ला ए ची, म्हणून माझ्या हातात ए ची हार्प. दुसऱ्या कडव्याला कोपऱ्यातल्या टेबलावरून हार्पचा आवाज आला. आधी मला वाटलं स्पीकरमधूनच काहीतरी येतंय. बघतो तर एक जण बसल्या जागी आमच्याबरोबर वाजवतोय. तोही ए वरच, एकदम सुरात. सोलोची वेळ आली तसा तो उठला, सरळ स्टेजवर आला आणि गाणारीच्या माईकला दोन्ही हातांनी धरून वाजवायला लागला. मी वाजवतोय, तोही वाजवतोय. नुसता कल्ला.

खरं ते लिहितो. तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. त्याचा दोन नंबरचा बेंड असा खाली उतरत होता की माझ्या अंगावर काटा आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या त्या त्याला मारल्या.

पण खरी गोष्ट पुढं झाली. पुढचं गाणं ए मध्ये होतं, त्याला डी ची हार्प लागते. त्याच्याजवळ ती नव्हती. माझी डबी स्टुलावर उघडी होती. त्यानं हात घातला, माझी डी उचलली, शर्टाला पुसली आणि तोंडाला लावली. न विचारता. माझ्या घरी आजी अजून पाण्याचा तांब्या कुणी तोंड लावून प्यायला तर परत घासायला टाकते. मी तिथं हात बांधून उभा राहिलो. माझीच हार्प दुसऱ्याच्या तोंडात, आणि स्टेजवर मी रिकामा.

गाणं संपल्यावर त्यानं ती परत डबीत टाकली, पाठीवर थाप मारली आणि गेला. निघताना कॅफेच्या मालकानं त्याला पुढच्या शुक्रवारी या म्हणून सांगितलं. आम्हाला विचारलं नाही.

आता परवा तो येणार. माझे प्रश्न तीन. स्टेजवर चालू गाण्यात माणसाला थांबवता येतं का, आणि कसं? दुसऱ्याची हार्प उचलणं ब्लूजवाल्यांत चालतं का, की मीच फार मनाला लावून घेतोय? आणि दोन हार्प एका गिगमध्ये असल्याच, तर वाजवायचं कसं?

---

संबळ_परभणी

भाऊ, यात तुझी काही चूक नाही. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या बैठकीत वाद्य काढायचं नसतं, हे आमच्याकडं गोंधळाला आलेल्या पोरालासुद्धा माहीत असतं. मालकाला सरळ सांग, ग्रुप आम्ही ठरवतो, तुम्ही नाही. ऐकला तर ठीक, नाहीतर शहरात कॅफे काय एकच आहे का.

---

आंब्याहून_अंधेरीला (मूळ अंबाजोगाई, सध्या मुंबई)

मित्रा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मीही हार्पच वाजवतो, बारा वर्षं झाली. 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तिथं जाऊन जाऊन हे वेड लागलं.

हार्पचं आधी सांगतो. नाही, चालत नाही. जगात कुठंच चालत नाही. हार्पमध्ये आपण फुंकतो तसं ओढतोही, म्हणजे आधीच्याचा श्वास आणि थुंकी आपल्या छातीत जाते. सख्खा भाऊ असला तरी मी देत नाही. तुला जे वाटलं त्याला मनाला लावून घेणं म्हणत नाहीत. एवढंच कर, डबी स्टुलावर उघडी ठेवू नकोस, कमरेच्या पट्ट्यात ठेव.

टेबलावरून साथ करणं हेही तितकंच वाईट. गिटारवाल्याला गिटार आणावी लागते, ती सगळ्यांना दिसते. हार्प खिशात मावते, म्हणून हा रोग फक्त आपल्या वाद्याला आहे. खिशात हार्प असणं म्हणजे आमंत्रण नव्हे.

आता स्पर्धेचं. काही लोक तुला सांगतील की ब्लूजमध्ये हे असंच असतं, शिकागोत एकमेकांची मुंडकी उडवायचे. ते खरं आहे, पण अर्धं. तिथले मडी वॉटर्स, जिमी रॉजर्स आणि हार्पवाला लिटल वॉल्टर हे तिघं स्वतःला हेडहंटर्स म्हणवायचे. क्लबाक्लबांतून फिरायचे, तिथं वाजवायची संधी मिळाली की असं वाजवायचे की तिथल्या बँडनं तोंड लपवावं. मुंडकं उडवणं म्हणतात ते हेच. पण त्यात पाळी असते. तुझं झालं, आता माझं. लोक दोघांना वेगवेगळं ऐकतात आणि मग ठरवतात. एकाच्या तोंडावर दुसऱ्यानं वाजवलं तर कोण कापला गेला हे कळणार तरी कसं?

आणि ज्यांच्यात खरी चुरस होती त्यांचं बघ. 1952 ला लिटल वॉल्टरचं स्वतःच्या नावाचं रेकॉर्ड अमेरिकेच्या आर अँड बी यादीत पहिल्या नंबरला गेलं. गडी तेव्हा बावीस वर्षांचा. त्यानं मडी वॉटर्सचा बँड सोडला आणि एसेस या ग्रुपकडं गेला. एसेसमध्ये आधी हार्पवर होता ज्युनियर वेल्स, तो मडीकडं आला. दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या! तरी शेवटी एका बँडमध्ये हार्पची खुर्ची एकच राहिली.

नावावरूनसुद्धा चुरस होती. हार्पवाला जॉन ली विल्यमसन सनी बॉय या नावानं आधीच गाजलेला होता. तरी राईस मिलर 1941 पासून अर्कान्सामधल्या हेलेना गावच्या रेडिओवर तेच नाव लावून वाजवायला लागला. पहिला 1948 ला शिकागोत लुटारूंच्या हातून मेला, आणि आज दोघांना एक नंबर, दोन नंबर लावून ओळखावं लागतं. मला स्वतःला दुसऱ्याचं वाजवणं जास्त आवडतं, पण नाव घेतलं ते मला आजही पटत नाही.

थांबवायचं कसं, तर बोलून नाही. गिटारवाल्याकडं बघायचं, गाण्याचा म्होरक्या तो. त्यानं मान हलवली तर पाहुण्याला एक आवर्तन द्यायचं, बारा बार (बार म्हणजे ठेक्याचा एक तुकडा), आणि आपण हार्प तोंडापासून खाली घ्यायची. पूर्ण खाली, छातीशी. लोकांना दिसलं पाहिजे की तू त्याला जागा दिलीस. ते आवर्तन संपलं की तू वर घ्यायची, आणि त्यानं खाली घेतली नाही तर मग सगळ्या हॉलला कळतं चूक कोणाची.

---

गाणारी_नांदेड

मी हार्प वाजवत नाही, गाते. चार वर्षं वेगवेगळ्या ग्रुपबरोबर गातेय. दादा, तुमची पोस्ट मन लावून वाचली. हार्प उचलली ते फार वाईट झालं, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं.

पण एक विचारू का? तुमच्या सगळ्या लिखाणात ती गाणारी एकदाच येते, तिचा माईक त्यानं धरला तेव्हा. ती काय गात होती? तिचा माईक गेल्यावर तिनं काय केलं? तिला कुणी विचारलं का?

ब्लूजची ओळ कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. बारा बारांत तीन ओळी. पहिली म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसरी जोडायची. एकेका ओळीला चार बार. त्यातल्या साधारण दोन बारांत माझे शब्द संपतात आणि पुढचे दोन मोकळे असतात. ते मोकळे दोन तुमचे. सवाल-जवाब आहे तो. तमाशातल्या सवाल-जवाबात समोरचीचा सवाल पुरा व्हायच्या आत कुणी जवाब द्यायला लागतं का?

माझा आजपर्यंतचा अनुभव असा की हार्पवाले माझ्या शब्दांवर वाजवतात. हळू वाजवतात, हात झाकून वाजवतात, पण वाजवतात. त्यांना वाटतं भरीव लागतंय. हार्पचा आवाज बाईच्या आवाजाच्याच पट्टीत येतो हो, आणि तिची रीड, म्हणजे आतली सूर देणारी पात, माझ्या गळ्यापेक्षा धारदार. मी 'रात' म्हटलं तर मागच्या टेबलाला फक्त 'आ' ऐकू जातो. मग मी ओरडून गाते, आणि घरी येऊन दोन दिवस हळद-दूध.

म्हणून सांगते, परवा तो आला तर आधी तुमच्या गाणारीला विचारा, तिला दोन हार्प हव्यात का. आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग कुणाकडं असेल तर ऐका. त्याचं नाही, तुमचं.

---

जुना_ऑर्केस्ट्रा_लातूर

लेकरा, माझं वय आता एकसष्ट. 1984 ते 1997 मी ऑर्केस्ट्रात माउथऑर्गन वाजवला. गणपतीत तर रोज एक गाव. उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा, पार कर्नाटकात बिदरपर्यंत. माझा चोवीस होलचा, एका सुराला दोन रीड असलेला, त्याला तुमच्यासारखे बेंड येत नाहीत. पण जागेची भांडणं तीच.

आमच्यात पीस ज्याच्या नावावर, त्यानंच वाजवायचा. गाण्याच्या मधले ते माउथऑर्गनचे तुकडे, त्याला आम्ही पीस म्हणायचो. मालकाच्या वहीत लिहिलेलं असायचं. एका गणपतीला मी तापानं पडलो. अहमदपूरचा कार्यक्रम होता. आमच्यातलाच एक जण, तो एरवी तुंबा (उभा ढोल) आणि मराकस (खुळखुळे) वाजवायचा, त्यानं माझे पीस वाजवले. दोन दिवसांनी मी परत आलो तर मालक म्हणाला, आता सीझनभर तोच वाजवेल, तू मराकस धर. मला वाईट का वाटलं असेल ते तुला सांगायला नको. त्या माणसाशी मी वर्षभर बोललो नाही. एकाच टेम्पोत जायचो, एकाच ताटलीतली भजी खायचो, पण बोलायचो नाही.

त्या वर्षात मी दुसरं काही केलं नाही, मराकस धरून त्याला ऐकलं. रोज. आणि मला कळलं की तो पीस संपला की संपवायचा. सूर सोडून द्यायचा, ओठ बाजूला. मी मात्र पीस संपल्यावरही गायकाच्या ओळीवर दोन-चार सूर टाकायचो, लोकांना आपण दिसावं म्हणून. मालकानं त्याला का ठेवलं ते तेव्हा उमगलं. तो लई भारी वाजवायचा असं नाही. तो उगं राहायचा.

आमच्याकडं लेकराला उगं बस म्हणतात तसं म्हणत नाही मी. उगं राहणं हे वाजवण्यातलंच आहे. आमच्या गावच्या सप्त्यात बघ. महाराज बोलायलेत तोवर मृदंगवाला हात मांडीवर ठेवून बसतो, पण नजर महाराजांच्या तोंडावर. महाराजांनी चाल धरली की त्याच क्षणी थाप. गायक मागं उभे असतात दोन्ही बाजूला, आठ-दहा जण, सगळे तयारीचे. एकानं चाल उचलली की दुसरा ती हिसकत नाही, पुढच्या चरणाला त्याची पाळी येते. बाहेरगावचा मोठा मृदंगवाला आला तर आपला माणूस उठतो आणि मृदंग त्याच्यापुढं सरकवतो. पाहुणा आधी नको म्हणतो. दुसऱ्यांदा म्हटलं की हात लावून कपाळाला लावतो, मग बसतो. मृदंग उष्टा होत नाही, तरी न विचारता कुणी हात लावत नाही. तुझं तर तोंडाचं वाद्य.

पंचमदांची, म्हणजे आर. डी. बर्मन यांची, एक गोष्ट सांगतो. 1961 लाच ते स्वतंत्र संगीतकार झाले होते. तरी 1964 च्या दोस्तीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी त्यांनी माउथऑर्गन वाजवला. स्वतः संगीतकार असलेला माणूस दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला जाऊन साथीदार म्हणून वाजवतो, हे मला आमच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा मोठं वाटतं.

त्या पोराला हाकलू नको. चांगला वाजवतो म्हणतोस ना? मग त्याला बोलावून घे, पण तू बोलाव, मालकानं नाही. नांदेडच्या ताई म्हणतात ते आधी कर.

---

वाळूजचा_हार्पवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शिफ्ट सुटल्यावर कहोनवाल्याकडं गेलो, त्याच्या मोबाईलवर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं. ताई, तुम्ही म्हणाल्या तसं फक्त माझं ऐकलं.

ते ई मधलं गाणं तीन कडव्यांचं. म्हणजे नऊ ओळी. त्यातल्या सात ओळींवर मी वाजवतोय. एकीवरही मी पूर्ण गप्प नाही असं आधी वाटलं, मग परत मोजलं, दोनदा गप्प आहे, कारण दोनदा मी हार्प फिरवून धरत होतो. तिसऱ्या कडव्यात तिचे शब्द मला स्वतःलाच कळले नाहीत, आणि ते गाणं आम्ही वर्षभर वाजवतोय. तो यायच्या आधीचं पहिलं कडवंसुद्धा तसंच.

मी तिला फोन केला. तिला विचारलं, तुला माझं वाजवणं नडतं का. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला वाटलं तुला ते तसंच आवडतं. एक वर्ष ती हे मनात ठेवून गात होती. तिला दुसरी हार्प चालेल, पण तिचा माईक कुणी धरलेला चालणार नाही, आणि कॅफेच्या मालकाला ते ती स्वतः सांगणार आहे.

आज सिडकोतल्या एन-सातला कहोनवाल्याच्या गच्चीवर बसलो. पहिलं कडवं मी पूर्ण सोडलं. हातात हार्प धरून बारा बार नुसतं उभं राहणं, मला वाटलं नव्हतं एवढं अवघड असेल. दुसऱ्या कडव्यात फक्त मोकळे दोन बार. गिटारवाला म्हणाला, तिसऱ्या कडव्याचे मोकळे बार माझे. ठरलं.

त्याचा नंबर कॅफेतून मिळवला आणि मेसेज केला. शुक्रवारच्या गाण्यांच्या पट्ट्या लिहून पाठवल्या: ई, ए, जी, परत ए. म्हणजे हार्प लागतील ए, डी, सी. तुझ्या तुझ्या घेऊन ये, माझ्या मी कुणाला देत नाही, हेही लिहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या गाण्यात सोलोचं दुसरं आवर्तन तुझं, त्याआधी आणि त्यानंतर नाही, हेही लिहिलं. मेसेज वाचलाय. उत्तर अजून नाही.

एक अडचण मात्र राहिली. त्यानं वाजवलेली डी. घरी आणून उघडली, कंगवा, म्हणजे मधला प्लास्टिकचा भाग, कोमट पाण्यानं धुतला, रीडच्या पट्ट्या पुसल्या. वाजवून बघितलं तर चार नंबर ओढल्यावर सूर उतरलेला. ए मध्ये वाजवताना तो पंचम असतो, सगळ्यात जास्त लागणारा. ट्यूनर सुई डावीकडं दाखवतो. जोर लावून ओढल्यानं झालं असणार. कंपनीतून फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) सगळ्यात पातळ पान आणलंय, रीडखाली सरकवून टोकाशी हलकी फाईल मारायचा विचार आहे. कुणी केलंय का?

---

आंब्याहून_अंधेरीला

केलंय, बऱ्याचदा. ओढायची पट्टी खालची, रीड बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे झाकण काढलं की रीड समोरच. सूर चढवायचा तर टोकाकडूनच घासायचं हे बरोबर. रिव्हेटकडं, म्हणजे रीड जिथं ठोकलेली असते तिकडं, फाईल गेली तर आणखी उतरेल. दोन-तीन घासा, फुंकर, ट्यूनर. एकदम नको. आणि फाईल लांबीच्या दिशेनं, आडवी अजिबात नाही.

पण आधी रीड उजेडात धरून रिव्हेटजवळ बघ. अचानक उतरलेली रीड बऱ्याचदा तिथं चिरलेली असते. चीर असेल तर सूर चढवूनही आठवडाभरात परत उतरेल आणि एक दिवस गाण्याच्या मध्येच तुटेल. तशी असेल तर शुक्रवारी ती नेऊ नकोस. दोन गाणी ए मध्ये आहेत ना?

---

वाळूजचा_हार्पवाला

आत्ताच ट्यूबलाइटखाली धरून बघितली. केसासारखी रेघ आहे, रिव्हेटच्या अगदी कडेला. म्हणजे गेली.

गाणारीला विचारलं, ए मधली दोन गाणी जी मध्ये घेशील का. एक घेते म्हणाली. दुसरं तिच्या गळ्याला ए मध्येच बसतं. मग ते गाणं मी वाजवणार नाही, खाली बसून ऐकेन. त्याच्याकडं डी असली तर त्यानं वाजवावं.